दहा मिनिटं

आधी मागच्या काचेतून आकाश दिसेनासं झालं,
मग मागून येणारे ट्रक.
छताचं कापड सुटलेल्या पोटासारखं लोंबत होतं
आणि बाबा ते टोपीवर झेलून
खुशाल गाडी चालवत होते.

मार्चमध्ये डोळ्यांपायी लायसन्स गेलं.
"विकून टाक," म्हणाले.
दारापर्यंत जाऊन परत फिरले.
"पण अशी नाही.
घसरल्या पँटीनं कुणाला पाहुण्यांसमोर नेत नाहीत."

व्हायलाच्या उन्हात शेडचा पत्रा तडतडत होता.
मी झडपा काढल्या, धरायच्या मुठी काढल्या,
दिव्याचं झाकण, कोटाचा हूक
(त्यावर कोट कधी पाहिला नाही),
मग पिना. पिळाच्या, रंगीत डोक्यांच्या,
मागच्या सीटवर, डावीकडे दाटीनं.
एकेक फिरवून जॅमच्या बरणीत टाकली.
मोजल्या नाहीत, तेव्हा.

छताची फळी डिकीच्या दारातून निघाली
जिन्यातून पलंग उतरवावा तशी,
तिरकी करत, शिव्या खात.
कापड ओढलं तर न भांडता हातात आलं.
मागे राहिला स्पंज,
तीस वर्षांचा, नारिंगी भुगा झालेला,
पापण्यांत, नाकात, कोपराच्या घडीत.
धुळीचं या गावाला काय कौतुक?
खनिजाच्या लालीनं इथली घरंसुद्धा गुलाबी झालीत.

"जोरात घास," बाबा प्लास्टिकच्या खुर्चीतून.
"जुनं राहिलं की नवं धरत नाही."
गोदी बंद पडेपर्यंत त्यांनी जहाजं जोडली,
पत्र्याला पत्रा.
मी ब्रश फिरवत राहिले.

गोंद फवारला. फळीवर, कापडाच्या पाठीवर.
लावायला वाकले तशी खुर्ची करकरली.
"थांब. ओल्यावर लावलंस तर सुटेल.
बोटाला धरेल, पण बोटावर येणार नाही,
इतकं सुकू दे.
दहा मिनिटं."

टीव्हीशिवाय दहा मिनिटं
आम्ही दोघं याआधी कधी बसलो होतो,
आठवेना.
बाहेर कुणाचा तरी कुत्रा
एकाच सुरात भुंकत होता.

बाबांनी बरणी उचलली, हलवली,
बोट आत घालून चाचपली.
"एल्स्पेथच्या."
माझ्यासमोर ते आईचं नाव घेत नसत,
'तुझी आई' म्हणत.
"ॲडलेडला न्यायचो ना, चार तास. मागे आडवी असायची.
पोर्ट पिरी गेलं की म्हणायची, मर्डो,
हे कापड माझ्या नाकावर येतंय.
आणि एक पीन खोचायची.
खेपेला एक.
एकोणीस खेपा."

मी पिना डब्याच्या झाकणावर ओतल्या.
एकवीस.
पुन्हा मोजल्या, रंगांप्रमाणे लावून.
एकवीस.
"मग या दोन?"

बाबांनी मनगट डोळ्यांना भिडवलं,
काटे सापडेपर्यंत.
"झाली दहा मिनिटं," म्हणाले.

कापड अर्धं दुमडून, मधून कडेकडे,
तळहातानं, घाई न करता.
तेही उठून आले.
"याला डोळे लागत नाहीत," म्हणत
माझ्या हातामागून हात फिरवत राहिले.
डावीकडे एक सुरकुती राहिली.
मी नख लावणार तोच म्हणाले, "असू दे."

संध्याकाळी सगळे स्क्रू बसले. एक उरला.
बाबा मागच्या सीटवर आडवे झाले,
बूट दाराबाहेर.
"एवढी वर्षं चालवली,
आणि छत आज बघतोय," म्हणाले.
बघत कसले, हात वर करून
सुरकुती शोधत होते.

रविवारी पलीकडच्या गल्लीतला कायरन आला.
टायरला लाथा मारल्या, स्टिरिओ वाजवला,
दोनशे कमी करा म्हणाला.
वर पाहिलंसुद्धा नाही.
बाबांनी दोनशे कमी केले.

बरणी खिळ्यांच्या डब्याशेजारी आहे.
माझ्या कानांतून
अजून नारिंगी निघतंय.